निद्रिस्त ज्वालामुखी आणि बौद्धपुऱ्याची विहीर

आपलं पुस्तक कोणी खरोखर वाचत असेल, अशी धास्ती मी कधी बाळगली नव्हती. त्यातून माझं पुस्तक शाळेतल्या भूगोलाचं. मुलं ते परीक्षेपुरतं उघडतात आणि निकाल लागला की रद्दीत घालतात, या भरवशावर मी पुण्यात निवांत होतो. गेल्या जानेवारीत वऱ्हाडातून एक पत्र आलं आणि तो निवांतपणा संपला. शेंदूरजनाघाटापासून तीन मैलांवरच्या एका गावी मी जाऊन आलो ते त्या पत्रामुळं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पत्र लिहिणाऱ्या गुरुजींनी तशी अट घातली आहे आणि त्यांच्या अटी मोडण्याची हिंमत आता माझ्यात उरलेली नाही.

पत्र एका पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात होतं. ‘आपल्या पुस्तकात ज्वालामुखीचे जागृत, निद्रिस्त व मृत असे तीन प्रकार दिले आहेत. आपल्याकडील काळा पाषाण ज्वालामुखीपासून बनला असेही दिले आहे. परंतु आपला ज्वालामुखी तिन्हींपैकी कोणता, हे कोठेही दिलेले नाही. त्यामुळे आमच्या वस्तीच्या विहिरीचे काम बंद पडले आहे. विहीर खोदणारे कारागीर संक्रांतीपर्यंतच थांबणार आहेत. तरी आपण स्वतः येऊन सांगावे.’

मी पुस्तक काढून पाहिलं. गुरुजी बरोबर होते. ‘दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच मृत झाले आहेत’ ही ओळ मी लिहिली होती, पण छपाईच्या वेळी पान एका ओळीनं वाढलं. ती ओळ तरी कापायची, नाहीतर शेजारचं चित्र लहान करायचं. चित्र मी स्वतः काढलं होतं, धुराच्या लोटासकट, आणि माझा जीव त्यात अडकला होता. मी ओळ कापली. त्याच्याखाली स्वाध्याय मात्र तसाच राहिला: ‘तुमच्या परिसरातील काळ्या दगडाचे निरीक्षण करा.’

त्याच्या आधीच्या महिन्यात कोयनेचा भूकंप झाला होता. पुण्यातही पहाटे घरं हादरली. भूगर्भशास्त्र शिकवणारा मी बनियनवर रस्त्यात जाऊन उभा राहिलो. बायको मागून सावकाश माझा चष्मा आणि चपला घेऊन आली. त्या गोष्टीचा उल्लेख तिनं महिनाभर केला नाही, आणि मी त्याबद्दल मनोमन तिचे आभार मानत होतो. पोस्टकार्ड वाचल्यावर मात्र ती म्हणाली, ‘जाऊन या. घरातून एकदा पळालात ते पुरे, आता पुस्तकातून पळू नका.’

अकोला, अमरावती, मोर्शी

उतरायचं होतं बडनेऱ्याला, पण मी उतरलो अकोल्याला. समोरच्या बाकावर कापसाचे एक व्यापारी होते. त्यांनी मला अमरावतीला मोटारीनं जाणंच कसं सोयीचं, हे पटवून दिलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत माझी वळकटी फलाटावर उतरवली. एवढ्या आपुलकीनं उतरवली की परत चढवणं मला शोभेना. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मग एसटी. रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांतून निसटलेला कापूस. आमच्याकडे हिवाळा म्हणजे शाल आणि सर्दी. इथं तो कापूस, तूर आणि हुरडा असा खाण्या-नेसण्याचा असतो.

अमरावतीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वरूडची गाडी धरली. शेजारी एक बाई बसल्या, मोर्शीच्या बाजारातून भाजी आणायला रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या असाव्यात असं मला वाटलं. पण त्या उलट अमरावतीत झेंडूची फुलं विकून मोर्शीला परत चालल्या होत्या. टोपल्या माझ्या पायांवर ठेवून त्यांनी विचारलं,

‘कुठं चालले भाऊ?’

‘वरूडला.’

‘काहून?’

पुण्यात ‘कशाला’ हा प्रश्न असा तोंडावर कोणी विचारत नाही. आम्ही आडून विचारतो, आणि उत्तर मिळालं नाही तर मागून निंदा करतो. मी म्हटलं, जरा काम आहे.

‘तिकडं नोका जाऊ. शेंदूरजन्याकडं विहिरीतून धूर निघून राह्यला म्हन्ते. खाली ज्वालामुखी निजला हाये. कोन्या पुन्याच्या मास्तरानं पुस्तकात लिवलं.’

तो मास्तर मीच, हे सांगायचं मी टाळलं. तरी विचारलं, ‘मग तो उठणार आहे का? काय लिहिलंय त्या मास्तरानं?’

‘थेच नाही लिवलं म्हन्ते. अर्धवट सोडलं. शिकलेल्या मानसाचं असंच राह्यते, भेव लावून देते अन् पुढचं सांगत नाही.’

मोर्शी येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो. उतरताना बाईंनी मला चार झेंडूची फुलं दिली, का ते मला अजून कळलेलं नाही.

संत्र्यांच्या बागेत

वरूडच्या पुढं हवाच बदलते. डावीकडे सातपुडा निळसर उभा, आणि रस्त्याच्या कडेला लाकडी पेट्यांच्या चळती, गवत, ट्रक, संत्र्यांचा घमघमाट. शेंदूरजनाघाटाला गुरुजी बैलांची दमणी घेऊन आले होते. दौलत इंगळे त्यांचं नाव, वय तिशीचं, पांढरा स्वच्छ सदरा, आणि बोलणं माझ्या पुस्तकाहून शुद्ध. ते बौद्धपुऱ्याच्या वस्तीतले पहिले मास्तर. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या त्या वर्षांत, घरात कंदील नसताना, चौकातल्या दिव्याखाली बसून ते शिकले, हे मला पुढं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. स्वतः त्यांनी मला फक्त विहिरीबद्दल सांगितलं.

‘सर, चूक माझी आहे,’ ते म्हणाले. ‘आपला स्वाध्याय मी मुलांकडून करून घेतला. काळ्या दगडाचं निरीक्षण करायला वस्तीच्याच विहिरीवर नेलं. पस्तीस हात खोल गेली होती. तळाशी भाजल्यासारखा लाल थर लागलेला. थंडीचे दिवस, आतून वाफ येत होती. मुलांनी पुस्तक वाचलेलं. घरी जाऊन सांगितलं, खाली निद्रिस्त आहे. आठ दिवसांत कोयनेची बातमी आली. तेव्हापासून कोणी सुरुंग लावायला तयार नाही. लोक म्हणतात, झोपलेल्याच्या उशाशी दारू फोडू नका.’

मी म्हटलं, चूक तुमची नाही. मग त्यांना त्या कापलेल्या ओळीची गोष्ट सांगितली. चित्राची सुद्धा. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत आम्ही दोघं बसलो.

‘चित्र चांगलं आहे,’ शेवटी ते म्हणाले. मला जास्त लाज वाटली.

गावाच्या अलीकडे उकंडरावांची बाग लागते. उकंडराव म्हणजे साठीचे, भरघोस मिशांचे, तीनशे झाडांचे धनी. त्यांनी दमणी अडवली, मला खाली उतरवलं आणि विचारलं, ‘काहून आले?’ एव्हाना मी सरावलो होतो. सांगितलं, विहिरीसाठी. त्यांनी मान डोलावली, धोतराच्या सोग्यात आठ-दहा संत्री तोडून आणली आणि माझ्या हातात देत म्हणाले, ‘हे खा पयले. मंग बोलू.’ मृग बहाराची फळं अजून पुरती पिकली नव्हती, पण त्या आंबटगोड रसाची चव पुण्यात पेटीतून येणाऱ्या संत्र्याला नसते. मी चार खाल्ली. उकंडराव समाधानानं पाहत होते.

‘मास्तर, मी त्या लोकायच्या आड नाही,’ ते म्हणाले. ‘पानी मी कोनालेच नाही म्हनत नाही. माही विहीर हाये, गडी हाये, रोज भरून देतो. पन त्यायची विहीर माह्या बागेच्या धुऱ्याले लागून हाये. सुरुंगानं खालचा जागा झाला तर पयले माही झाडं जातीन. लेकरासारखी वाढवली मी.’

त्यांच्या विहिरीवर तेव्हा बौद्धपुऱ्यातल्या आठ-दहा बाया रांगेत उभ्या होत्या. गडी रहाटानं पाणी काढी आणि थोड्या उंचावरून त्यांच्या घागरींत ओती. दोर, बादली, काठ, यांना बायांचा हात लागत नव्हता. घागर पुरती भरायच्या आधीच गडी म्हणे, ‘सरक, सरक, मागच्या हायेत.’ बाई अर्धी घागर डोक्यावर घेऊन सरके. त्यांत पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक होत्या. गुरुजी हळूच म्हणाले, ‘माझी आई.’ उकंडराव संत्री सोलत होते. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, हेही मला लिहिलंच पाहिजे.

बौद्धपुरा

गुरुजींच्या आईचं नाव सारजाबाई. त्यांच्याकडेच मी उतरलो. वऱ्हाडी बाया स्वतःबद्दल ‘मी येतो, मी करतो’ असं बोलतात, हे वाचून माहीत होतं; ऐकायला मात्र फार गोड लागतं. ‘बसा, मी भाकर टाकतो,’ म्हणून त्यांनी चूल पेटवली. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकर, आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानांतून वाफ निघाली असावी.

‘पुन्यात मिरची नाही भेटत काय?’ सारजाबाईंनी विचारलं.

‘भेटते. आम्ही तिच्या वाट्याला जात नाही.’

‘मंग तिकडं ज्वालामुखीचं भेव नाही तुमाले,’ असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

सकाळी मी विहीर पाहिली. घेर मोठा, बांधून काढायची राहिलेली, वर दगडांचा ढीग. आतून खरोखरच वाफ निघत होती, पांढरी आणि सावकाश. अनोळखी माणसाला भीती वाटावी अशीच. काठावर कारागिरांचा म्होरक्या हणमंतू चिलीम ओढत बसला होता. काळासावळा, रुंद खांद्यांचा, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. चाळीस-एक विहिरी त्यानं खोदल्या असतील. संक्रांत झाली की त्याची माणसं अकोटकडच्या कामावर जाणार होती. ती गेली की ही पस्तीस हातांची विहीर कोरडीच राहणार, उन्हाळा येणार, आणि बाया पुन्हा त्या रांगेत. संक्रांतीला तीन दिवस उरले होते.

दुपारी वडाखाली सगळी वस्ती जमली. उकंडरावही आले आणि जरा बाजूला बसले. मी व्याख्यान सुरू केलं. पुण्यातली सवय, ‘भूगर्भशास्त्रीयदृष्ट्या पाहता पुनरुद्रेकाची शक्यता नगण्य आहे,’ असं मी म्हणालो. गुरुजींनी माझ्या कोपराला स्पर्श केला.

‘सर, नगण्य हा शब्द इथं चालायचा नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘ह्यांनी आजवर नगण्य खूप ऐकलंय.’

मी व्याख्यान सोडून दिलं आणि खाली, सगळ्यांमध्ये बसलो. वाफेपासून सुरुवात केली. जमिनीच्या पोटात उन्हाळा-हिवाळा फारसा नसतो. बाहेर कडाक्याची थंडी पडली की आतली ऊब वाफ होऊन दिसते. आपल्या तोंडातून पहाटे वाफ निघते, म्हणून आपल्या पोटात ज्वालामुखी असतो का?

‘सून उलटून बोलली तर राह्यते,’ सारजाबाई म्हणाल्या. लोक हसले. पहिल्यांदाच हसले, आणि मला धीर आला.

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘जागृत देवस्थान राह्यते, तथी लोक नवस बोलते. ह्या जागृताले काय करा लागते?’ मी म्हटलं, त्याला काही करावं लागत नाही, कारण तो जागृत नाही, निद्रिस्त नाही, मेलेला आहे. ती ओळ लिहायची राहिली, तो दोष माझा. आणि ओळ का राहिली तेही सगळ्यांसमोर सांगितलं. चित्राची गोष्ट ऐकून बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

‘मेला म्हन्ता,’ सारजाबाईंनी विचारलं, ‘त्याचं मयत पाह्यलं काय तुमी?’

‘त्यावरच बसलोय आपण. हा काळा दगड म्हणजे तोच. कापूस पिकतो ती काळी जमीन म्हणजे त्या दगडाचं पीठ.’

‘म्हंजे हे सारं संत्रं, कापूस, मुर्द्यावर पिकून राह्यलं काय,’ त्या म्हणाल्या आणि उकंडरावांकडे वळल्या. ‘ऐकून राह्यले ना उकंडराव?’ उकंडरावांनी मिशीला हात लावला.

हणमंतू एवढा वेळ काहीच बोलला नव्हता. आता त्यानं विचारलं, ‘अन् तो लाल थर कायचा हाये?’

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. उत्साहानं सांगितलं: आधी एक रस वाहिला, गार झाला, त्याचा दगड झाला. मग बरीच वर्षं काही झालं नाही. वर माती तयार झाली. त्यावर पुन्हा दुसरा रस आला आणि खालची माती वीटभट्टीत भाजावी तशी भाजली. ती ही लाल माती.

‘म्हंजे मंधात थो लय वर्सं चुपचाप होता,’ हणमंतू म्हणाला. ‘माती जमली. गवतबिवत उगोलं असंन. समद्यायले वाटलं असंन मेला. मंग परत आला.’

मी वीस वर्षं हा लाल थर विद्यार्थ्यांना शिकवतोय, परीक्षेत त्यावर प्रश्न घालतोय. हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. तळाशी त्यांना लागलेला पुरावा माझ्या बाजूचा नव्हता, त्यांच्या भीतीच्या बाजूचा होता. गुरुजींनी मान खाली घातली. त्यांचा तो वाकलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

‘मला थर पाहू द्या,’ मी म्हणालो. ‘मग सांगतो.’

पस्तीस हात खाली

मला उंचीची भीती वाटते आणि खोलीची त्याहून जास्त. कमरेला चऱ्हाट बांधून, बाजूच्या खाचांत पाय ठेवत हणमंतूनं मला खाली नेलं. अर्ध्या वाटेत माझी एक चप्पल निसटून तळाशी पडली. वरून कोणीतरी म्हणालं, ‘मास्तर पोचले काय?’ आणि हणमंतू म्हणाला, ‘चप्पल पोचली.’

तळाशी थंडी नव्हती. लाल थर विहिरीच्या भिंतीला पट्ट्यासारखा गोल फिरला होता. मी हात लावला. माती बोटांना लागली, कुंकवासारखी. थराची जाडी मोजायला मी वीत धरली. एक वीत, फार तर वर दोन बोटं. तिथं उभं असतानाच मला उत्तर दिसलं, आणि इतकं साधं होतं की ते आधी सुचलं नाही याची चीड आली.

‘हणमंतू,’ मी म्हणालो, ‘दोन रसांच्या मधे तो निजला होता, तू म्हणतोस ते खरं आहे. त्या झोपेत माती किती जमली? ही एवढी. वीतभर. आता वर बघ. शेवटचा रस गार झाला, त्यानंतर काय काय झालं? ह्या दगडाची कित्येक हात काळी जमीन झाली. नद्या आल्या, त्यांनी दऱ्या कापल्या. सातपुड्याच्या बाजूंना घाट पडले. वीतभर मातीची ती झोप. हे सगळं व्हायला जेवढा काळ लागला, तेवढी झोप नसते; ते मरण.’

मग आपल्या राकट हाताची वीत त्यानं थरावर धरून पाहिली, आणि वर विहिरीच्या तोंडाकडे, त्यातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे पाहिलं.

‘अन् कोयनेचं?’

‘ते मला नक्की सांगता येत नाही,’ मी म्हणालो. ‘जमीन कुठं हलेल, कधी हलेल, कोणालाच सांगता येत नाही. मी स्वतः त्या दिवशी घाबरून रस्त्यावर पळालो. पण हलणं वेगळं आणि आग येणं वेगळं. आग येणार नाही.’

माझ्या पळण्याची गोष्ट त्याला आवडली असावी. त्यानं थराखालचा दगड घणानं ठोकला. बद्द आवाज आला. ‘आमाले वाटलं पोकळ हाये, म्हून भेव,’ तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. दगडात मुगाच्या दाण्याएवढी भोकं, काहींत पांढरी खडी भरलेली.

‘मांजऱ्या खडक आहे,’ मी म्हणालो. ‘पाणी इथंच असणार.’

‘मांजऱ्यात पानी राह्यते थे मले ठाऊक हाये, मास्तर. माह्या बापालेबी ठाऊक होतं. मी पान्याचं नव्हतो पुसत.’ मग त्यानं पहार उचलून माझ्या हातात दिली. ‘आमच्यात असं हाये. पान्याची जागा जो सांगते, थो पयल्या सुरुंगाची पहार धरते. सांगनाऱ्यानं धराव, खोदनाऱ्यानं माराव. धरा.’

सुरुंगासाठी दगडात भोक पाडताना एकजण पहार उभी धरतो, दर घावाला जरा फिरवतो, आणि दुसरा घण घालतो. हणमंतूचं अर्धं बोट मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं. मी बसलो. लाल थराच्या खाली, त्या भाजलेल्या मातीला पाठ लावून, दोन्ही हातांनी पहार धरली. पहिला घाव पडला तेव्हा माझे दात खणखणले. दुसऱ्याला डोळे मिटले. ‘डोये उघडे ठेवा,’ तो म्हणाला, ‘मी पाहून मारतो, तुमी पाहून फिरवा.’ मी उघडे ठेवले. शंभरेक घावांनंतर हातांना भीती उरली नाही, नुसते फोड उरले. वर काठावर डोकीच डोकी जमली होती. मास्तर त्या दगडावर बसला आहे, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चार भोकं दारूनं भरली, वाती लावल्या, वर बाभळीच्या फांद्या अंथरल्या. हणमंतूनं तीनदा ‘सुरुंग हो’ अशी हाळी दिली. सगळी वस्ती वडाच्या पलीकडं गेली. तो वाती पेटवून खाचांतून झपाझप वर आला आणि धावत आमच्याजवळ येऊन बसला. चार आवाज झाले. पायाखालची जमीन हलली. वडावरचे बगळे उडाले. धूर वर आला, काळा, आणि दगडांचे तुकडे खाली पडले.

मग शांतता. कबूल करतो, मीही वाट पाहत होतो. इतकं सगळं माहीत असून मी कान देऊन ऐकत होतो, खालून काही येतंय का. उकंडराव उठून आधी आपल्या बागेकडे धावले. थोड्या वेळानं परत आले आणि कोणी विचारलं नसताना म्हणाले, ‘झाडं जागच्या जागी हायेत.’

धूर निवळल्यावर हणमंतू एकटा खाली उतरला. ठोकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग त्याचा आवाज, अगदी रोजच्यासारखा:

‘ओलं हाये.’

संध्याकाळपर्यंत माणसांनी दगड उपसले. तळाच्या मांजऱ्यातून चार-पाच ठिकाणी पाणी पाझरत होतं, गढूळ, लालसर. गुरुजी काठावर एकटेच उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, ‘सर, उद्या निघू नका. निवळू द्या.’ माझं परतीचं सगळं ठरलेलं होतं. मी राहिलो.

सकाळी तळाशी कमरेइतकं पाणी होतं, वरून काळं आणि स्थिर दिसणारं. उकंडराव संत्र्यांची टोपली घेऊन आले होते आणि आपल्या विहिरीचं पाणी एक बोटानंही उतरलेलं नाही, हे सगळ्यांना सांगत होते. हणमंतूच्या माणसांनी काठावर दोन लाकडं टाकून तात्पुरती चाक-दोरी बसवली. पहिला मान मला द्यायचं कोणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं, आणि गुरुजींनी दोर आईच्या हातात दिला.

सारजाबाईंनी पदर खोचला. बादली सोडली. खाली ती पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, आडवी झाली, भरू लागली. बाया, पोरं, माणसं, सगळी वाकून पाहत होती. सारजाबाईंनी दोर ओढला नाही. तशाच धरून उभ्या राहिल्या.

‘आई, ओढ ना,’ गुरुजी म्हणाले.

‘भरू दे,’ त्या म्हणाल्या. ‘पुरी भरू दे. मले कोनी सरक म्हनून नाही राह्यलं.’